डाउनलोड अडले की आधी अडवणारा ओळखावा: घरच्या संगणकासाठी क्रमवार मार्गदर्शन

फाइल डाउनलोड होत नाही म्हणून जे लोक माझ्याकडे संगणक घेऊन येतात, त्यांतल्या बहुतेकांनी येण्यापूर्वीच अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो. कोणी ब्राउझर काढून पुन्हा घातलेला असतो, कोणी राउटर पाच वेळा बंद-चालू केलेला असतो आणि एवढे करूनही फाइल जिथल्या तिथेच असते. शिवाय नेमके काय काय बदलले हे आता कोणालाच आठवत नसल्यामुळे मूळचा दोष शोधणे दुप्पट कठीण झालेले असते. यांतला एकेक उपाय आपापल्या जागी योग्यच आहे. चुकतो तो क्रम.

संकेतस्थळावरून निघालेली फाइल पडद्यावर उघडेपर्यंत तिला सहा-सात ठिकाणी अडवले जाऊ शकते: खुद्द संकेतस्थळ, इंटरनेटची जोडणी, ब्राउझर, अँटिव्हायरस, डिस्क, विंडोज आणि शेवटी ती फाइल उघडणारा प्रोग्राम. गोव्याच्या उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी अडवली असेल तर दक्षिण सीमेवरच्या पोळेच्या नाक्यावर जाऊन कागदपत्रे दाखवण्यात काही हशील नसते. येथेही तसेच आहे. प्रत्येक नाक्याची अडवण्याची खूण वेगळी असते आणि ती खूण ओळखल्याशिवाय एकही संरक्षण बंद करू नये, या एका नियमावर पुढची सर्व मांडणी उभी आहे.

खालील पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी, तसेच क्रोम, एज आणि फायरफॉक्स या ब्राउझरांसाठी आहेत. मेनूंची नावे आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर इंग्रजीतच दिसतात, म्हणून ती तशीच ठेवली आहेत.

तयारी: काहीही बदलण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे पडद्यावरचा संदेश मोबाइलने टिपून ठेवणे. "काहीतरी लाल आले आणि गेले" एवढ्या वर्णनावरून कोणालाच निदान करता येत नाही, आणि तोच संदेश दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. त्यासोबत एका कागदावर फाइलचे नाव, ती कोणत्या पानावरून घेत होता, ती साधारण किती मोठी असायला हवी आणि किती टक्क्यांवर थांबली हे लिहावे. याच कागदावर पुढे तुम्ही केलेला प्रत्येक बदल लिहायचा आहे, कारण शेवटच्या पायरीत त्याचा उपयोग होणार आहे.

त्यानंतर विंडोज आणि ब्राउझरची आवृत्ती पाहावी. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून क्रोमला किमान विंडोज १० लागते. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून ठेवलेल्या जुन्या डेस्कटॉपवर आजही विंडोज ७ आढळते आणि अशा यंत्रावर नवी संकेतस्थळे डाउनलोडचे बटणच नीट दाखवत नाहीत. विंडोज १० चेही सर्वसाधारण सुरक्षा समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. यंत्र इतके जुने असेल तर ब्राउझर अद्ययावत करणे हाच पहिला उपाय, आणि तो शक्य नसेल तर ती एक फाइल दुसऱ्या संगणकावर घेणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

तयारीतली शेवटची गोष्ट दोन मिनिटांची आहे, पण अर्धे निदान तीच करते. त्याच संकेतस्थळावरची दुसरी एखादी लहान फाइल डाउनलोड करून पाहावी आणि मग अगदी वेगळ्या, ओळखीच्या संकेतस्थळावरची एखादी पीडीएफ घेऊन पाहावी. दोन्ही उतरल्या तर दोष त्या एका फाइलपुरता आहे. दुसरीकडची उतरली आणि तिथली उतरत नसेल तर दोष त्या संकेतस्थळाकडे किंवा तिथल्या तुमच्या लॉगिनमध्ये आहे. एकही उतरली नाही तरच आपल्या संगणकाकडे वळावे.

इशारा: या टप्प्यावर "डाउनलोड फिक्सर", "स्पीड बूस्टर" अशा नावांची साधने शोधून घालू नयेत. अडलेले डाउनलोड सोडवायला आणखी एक अनोळखी डाउनलोड करणे म्हणजे दुखणे वाढवणे होय.

१. फाइल खरोखरच अडली आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, परंतु माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतील पुष्कळशा येथेच मिटतात. मागच्या पावसाळ्यात शेजारचे एक काका जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी तासभर झगडून शेवटी लॅपटॉप काखेत घेऊन आले. बटण दाबले की पडद्यावर काहीच होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डाउनलोड्सचा फोल्डर उघडला, तर त्यात तोच उतारा अकरा वेळा पडलेला होता. पहिला साधा आणि पुढचे कंसात १ पासून १० पर्यंत आकडे घालून. फाइल प्रत्येक वेळी मुकाट्याने उतरत होती. ती कुठे गेली एवढेच त्यांना दिसत नव्हते.

म्हणून प्रथम ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे ही दोन बटणे एकत्र दाबावीत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत डाउनलोडची यादी याच बटणांनी उघडते. पूर्वी क्रोममध्ये उतरलेली फाइल पडद्याच्या तळाशी पट्टीत दिसत असे. २०२३ पासून ती वर उजव्या कोपऱ्यातल्या लहानशा बाणाच्या चिन्हात गेली आहे आणि ज्यांची नजर अजून खालीच जाते, त्यांना काही झालेच नाही असे वाटते.

यादीत फाइल नसेल तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाकडे पाहावे. अनेक कार्यालयीन संकेतस्थळे दाखला किंवा पावती नव्या खिडकीत उघडतात आणि ब्राउझर ती खिडकी जाहिरात समजून रोखतो. तेथे पॉप-अप रोखल्याचे छोटे चिन्ह दिसत असेल तर त्यावर क्लिक करून त्या एका संकेतस्थळाला परवानगी द्यावी. सर्वच संकेतस्थळांना परवानगी देणारा पर्याय निवडू नये. तो एकदा निवडला की पुढचे काही महिने जाहिरातींच्या खिडक्या मिटवण्यात जातात.

पीडीएफ उतरण्याऐवजी ब्राउझरमध्येच उघडत असेल तर तेही अडणे नव्हे. उघडलेल्या पानावर वरच्या बाजूला असलेले डाउनलोडचे चिन्ह दाबून ती साठवता येते.

तपासणी: यादीत फाइल पूर्ण दिसते, पण उघडत नाही, अशी स्थिती असेल तर मधल्या पायऱ्या सोडून थेट सातव्या पायरीवर जावे.

२. संदेशातील शब्दांवरून अडवणारा ओळखणे

यादीत फाइलच्या नावाखाली जे चार शब्द दिसतात तेच खरे निदान असते. लोक "फेल्ड" एवढाच शब्द वाचतात आणि त्याच्या पुढचा, म्हणजे कामाचा, शब्द सोडून देतात.

क्रोममध्ये "नेटवर्क एरर" दिसत असेल तर बहुधा जोडणी तुटलेली असते. त्यासाठी सहावी पायरी आहे. "डिस्क फुल" आणि "इन्सफिशंट परमिशन्स" या दोन्हींचा संबंध फाइल जिथे ठेवायची त्या जागेशी आहे, त्या चौथ्या पायरीत येतात. "व्हायरस डिटेक्टेड" आणि "व्हायरस स्कॅन फेल्ड" हे संदेश क्रोम दाखवत असला तरी निर्णय अँटिव्हायरसचा असतो. "डेंजरस डाउनलोड ब्लॉक्ड" किंवा "सस्पिशस डाउनलोड ब्लॉक्ड" असे लिहिलेले असेल तर मात्र अडवणारा स्वतः ब्राउझर आहे आणि तिसरी पायरी पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ नये. "इनसिक्युअर डाउनलोड" याचा अर्थ फाइल सुरक्षित नसलेल्या जोडणीवरून येत आहे, एवढाच; फाइल खराब असेलच असे नाही, पण वाटेत कोणी ती बदलली नाही याची हमी राहत नाही.

"फॉरबिडन", "नीड्स ऑथरायझेशन" आणि "नो फाइल" हे तीन शब्द संकेतस्थळाचे उत्तर आहेत. तुमच्या संगणकावर काहीही बदलून ते बदलणार नाही. येथे जवळजवळ नेहमीची चूक अशी असते की माणूस अर्धा तास चहापाणी करून परत येतो आणि डाउनलोडच्या यादीतल्या जुन्या ओळीवर पुन्हा प्रयत्न करतो. तोवर लॉगिनची मुदत संपलेली असते आणि तो दुवा मेलेला असतो. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, मूळ पानावर जावे आणि बटण तेथूनच दाबावे.

एजमध्ये "इजन्ट कॉमनली डाउनलोडेड" असा संदेश येतो, तो पुष्कळांना व्हायरसचा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच की ही फाइल आजवर फार लोकांनी घेतलेली नाही. लहान संस्थेने नुकताच काढलेला निरुपद्रवी प्रोग्राम आणि काल रात्री तयार झालेला घातक प्रोग्राम, या दोघांच्याही वाट्याला हाच संदेश येतो. म्हणूनच त्याकडे दुर्लक्षही करू नये आणि घाबरूही नये.

३. फाइल कोठून आली याचा निकाल

ही पायरी ओलांडून कोणीही "कीप" किंवा "रन एनीवे" दाबू नये. आधी फाइल एक्सप्लोररमध्ये (फोल्डर उघडणाऱ्या खिडकीत) व्ह्यू, मग शो आणि मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स हा पर्याय चालू करावा. विंडोज १० मध्ये तो व्ह्यूच्या पट्टीवरच एका चौकोनात आहे. विंडोज मुळात फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट लपवते आणि याच लपवण्याचा फायदा घेऊन वीजबिलाच्या पीडीएफचे नाव व चित्र लावलेला प्रोग्राम पाठवला जातो. शेपूट दिसू लागले की नावात पीडीएफनंतर आणखी एक टिंब आणि ईएक्सई ही अक्षरे दिसतात. बिल, निकाल, दाखला, पावती यांपैकी कोणतीही गोष्ट ईएक्सई, एमएसआय, बॅट किंवा जेएस या प्रकारची कधीच नसते. तशी आढळली तर अडवणाऱ्याचे आभार मानून फाइल पुसून टाकावी. पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

दुसरा प्रश्न, दुवा कोणी दिला? वाहनाचे चलन थकले आहे किंवा रात्री वीज तोडली जाईल असे सांगणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशातील फाइल संगणकावर व्हॉट्सॲप वेबमधून उतरवण्याचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलचे ॲप, संगणकावर चालत नाही, म्हणून ते ती खास मोबाइलवर पाठवतात, आणि खरे नुकसान तिथे होते. चलन असो वा बिल, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तेथे पाहावे. अशी फाइल उघडली गेली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर संगणक दुरुस्त करत बसण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा.

फाइल प्रोग्रामच असेल, उदाहरणार्थ प्रिंटरचा ड्रायव्हर, तर ती बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घेतली आहे ना हे पाहावे. ड्रायव्हर शोधताना सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो आणि तो त्या प्रिंटर कंपनीचा नसतो. शंका उरलीच तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल तपासता येते. तेथे अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी तिला पाहतात. एखाद-दुसऱ्यानेच शंका घेतली असेल तर ती चुकीची असू शकते, दहा-बारा जणांनी बोट दाखवले असेल तर वादाला जागा नाही.

इशारा: व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल इतर तपासनिसांनाही उपलब्ध होते. आधार, बँकेचे विवरण, घराचे कागद असे काहीही तेथे चढवू नये.

४. घड्याळ आणि जागा

आपल्याकडे ही पायरी वेगळी लिहावी लागते याचे कारण हवामान आहे. मे महिन्याच्या अखेरीस गडगडाट सुरू झाला की विजेचे जाणे-येणे वाढते, लोक भिंतीवरचे बटण बंद करून ठेवतात आणि जुन्या डेस्कटॉपमधला रुपयाएवढा सेल त्याच सुमारास दगा देतो. सीआर २०३२ हा तो सेल. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तोच चालवतो. तो संपला की प्रत्येक वेळी यंत्र चालू करताना तारीख काही वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते, म्हणून ब्राउझर जोडणी नाकारतो. डिचोलीच्या एका घरात चतुर्थीच्या आधी असाच डेस्कटॉप पाहिला. त्यांनी ब्राउझर बदलला होता, अँटिव्हायरसची मुदत वाढवून घेतली होती, केबलवाल्याशी भांडण केले होते. पडद्याच्या कोपऱ्यात २०१५ साल होते.

सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम येथे जाऊन वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा, वेळेचा विभाग भारताचा आहे ना ते पाहावे आणि "सिंक नाऊ" दाबावे. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदलावा. तो घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. डेस्कटॉपची तार काढल्याशिवाय झाकण उघडू नये.

आता जागा. सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे ते पाहावे. झिप फाइल असेल तर ती आणि तिच्यातून निघणारा ऐवज असे दोन्ही एकाच वेळी मावले पाहिजेत, हे लोक विसरतात. जागा मोकळी करण्यासाठी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स येथे जावे.

इशारा: त्या यादीत "डाउनलोड्स" असाही एक चौकोन असतो. त्यावर खूण केली तर डाउनलोड्स फोल्डरमधले सर्व काही पुसले जाते. आजवर उतरवलेले दाखले तेथेच पडून असतील तर तो चौकोन रिकामाच ठेवावा.

जागा असूनही मोठी फाइल नेहमी चार जीबीच्या आसपासच तुटत असेल तर ती थेट पेन ड्राइव्हवर तर घेत नाही ना, हे पाहावे. बऱ्याच पेन ड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने तयार केलेल्या असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. भजनाच्या किंवा नाटकाच्या चित्रीकरणाची फाइल घेताना हा अडथळा हमखास येतो. फाइल आधी संगणकावर घ्यावी. पेन ड्राइव्ह रिकामी करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली तर मग तिच्यावरही ती चढते. ब्राउझरने डाउनलोडची जागा म्हणून पूर्वी लावलेली, आता काढून घेतलेली पेन ड्राइव्ह धरून ठेवली असण्याचीही शक्यता असते. सेटिंग्जमधील डाउनलोड्स या भागात ती जागा बदलता येते.

५. ब्राउझर, मग अँटिव्हायरस

ब्राउझरची तपासणी गुप्त खिडकीने सुरू करावी. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबले की ती उघडते. तेथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, याही नसतात. फाइल तेथे उतरली तर दोषी त्या दोहोंपैकीच कोणी आहे. एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद करावीत आणि प्रत्येकानंतर पुन्हा प्रयत्न करावा. जाहिराती रोखणारी आणि डाउनलोडचा वेग वाढवण्याचा दावा करणारी एक्स्टेन्शन्स आधी पाहावीत. सर्व एकदम काढून टाकली तर काम होते, पण दोषी कोण हे कळत नाही आणि आठवड्याने तेच एक्स्टेन्शन पुन्हा घातले जाते.

एकाच पानावरून अनेक फाइली घेत असाल, जसे वर्षभराच्या पावत्या, तर पहिली उतरते आणि बाकीच्या अडतात. ब्राउझर दुसऱ्या फाइलला परवानगी विचारतो आणि घाईत "ब्लॉक" दाबले गेलेले असते. साइट सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक डाउनलोड्स या यादीतून त्या संकेतस्थळाचे नाव काढावे.

क्रोमच्या सिक्युरिटी या पानावर सेफ ब्राउझिंगचे तीन पर्याय आहेत. तिसरा, म्हणजे संरक्षण नसलेला, पर्याय निवडण्याचा सल्ला अनेक व्हिडिओंमध्ये दिला जातो आणि त्याने डाउनलोड होतेही. तो सल्ला मी कधीच देत नाही. ज्या एका फाइलची तिसऱ्या पायरीत खात्री झाली आहे, ती यादीतल्या तीन टिंबांच्या मेनूमधून "कीप" निवडून घेता येते. त्यासाठी संपूर्ण घराचे दार काढून ठेवावे लागत नाही. एजमध्ये त्याच मेनूत कीप, मग शो मोअर आणि मग कीप एनीवे असा मार्ग आहे.

ब्राउझरकडे दोष न सापडल्यास विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधील प्रोटेक्शन हिस्ट्री पाहावी. अडवलेल्या फाइलचे नाव, वेळ आणि कारण तेथे नोंदलेले असते. वेळ तुमच्या कागदावरच्या वेळेशी जुळते का पाहावे. जुळत नसेल तर अँटिव्हायरसला दोष देण्याचे कारण उरत नाही. जुळत असेल आणि फाइल विश्वासाची असेल तर त्याच नोंदीत ती परत आणण्याचा किंवा तिला मुभा देण्याचा पर्याय मिळतो. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर हीच नोंद त्याच्या क्वारंटाइन नावाच्या भागात सापडते.

दोन अँटिव्हायरस एकत्र बसवलेले असतील तर एक ठेवावा. नव्या लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला एक, दुकानदाराने घालून दिलेला दुसरा, अशी जोडी घरोघरी असते आणि दोघेही एकाच फाइलला धरून बसल्यावर ती कोणाच्याच हाती लागत नाही.

एखादा डाउनलोड मॅनेजर डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स या फोल्डरांतच लिहू शकत नसेल, पण इतरत्र लिहू शकत असेल, तर रॅन्समवेअर प्रोटेक्शन या भागात कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का ते पाहावे. मुळात ते बंद असते. कोणीतरी चालू केलेले असल्यास फक्त त्या प्रोग्रामला तेथे परवानगी द्यावी.

तपासणी: आतापर्यंत केलेले बदल कागदावर आहेत ना? नसतील तर येथेच थांबून आठवतील तेवढे लिहावेत.

६. जोडणी

सर्वांत जलद कसोटी म्हणजे संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून तीच फाइल घेऊन पाहणे. तेथे उतरली तर संगणक निर्दोष आहे. दोष राउटरमध्ये, त्यावर कोणी लावलेल्या मुलांसाठीच्या गाळणीत किंवा सेवा देणाऱ्याकडे आहे. व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्याच ठिकाणाहून फिरवून नेणारी सेवा, चालू असेल तर बंद करून पाहावे. काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून आलेली मागणी स्वीकारत नाहीत आणि व्हीपीएनमुळे फोंड्यातला संगणकही त्यांना परदेशात असल्यासारखा दिसतो. गल्फमधल्या मुलाने तेथून गावचे कागद उतरवण्याचा प्रयत्न केल्यास त्यालाही हीच अडचण येऊ शकते. घरातल्या कोणीतरी येथून फाइल घेऊन पाठवणे सोपे.

पावसाळ्यातला एक दोष मात्र खास सांगावासा वाटतो. वीज दोन सेकंदांसाठी लुकलुकते, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, म्हणून वापरणाऱ्याच्या काही लक्षात येत नाही. परंतु भिंतीजवळचा राउटर आणि फायबरची पेटी बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतात आणि तेवढ्यात ऐंशी टक्क्यांवर आलेले डाउनलोड "नेटवर्क एरर" म्हणून तुटते. हे दिवसातून तीनदा झाले की माणूस अँटिव्हायरसवर संशय घेऊ लागतो. डाउनलोड तुटले त्या क्षणी राउटरवरचे दिवे लुकलुकत होते का, एवढे पाहावे. उपाय म्हणजे राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही यूपीएसवर घेणे. एकच घेऊन उपयोग नाही. तुटलेल्या फाइलसमोर "रिझ्यूम" दिसत असेल तर ते दाबावे, तेथूनच पुढे सुरू होण्याची शक्यता असते.

फोल्डरमध्ये सीआरडाउनलोड किंवा पार्ट असे शेपूट असलेली फाइल दिसली तर ती अर्धवट आहे. शेपूट बदलून तिला पीडीएफ किंवा एमपी४ असे नाव दिल्याने ती पूर्ण होत नाही. ही युक्ती करणारे लोक दर महिन्याला भेटतात.

७. उतरली, पण उघडत नाही

इंटरनेटवरून आलेल्या प्रत्येक फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारते. हा शिक्का पाहूनच पुढचे प्रोग्राम तिच्याशी जपून वागतात. फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास जनरल या पानाच्या तळाशी "अनब्लॉक" असा चौकोन दिसतो. तिसऱ्या पायरीत फाइल उत्तीर्ण झाली असेल तर त्यावर खूण करून ओके दाबावे. झिप असेल तर उघडण्यापूर्वी, म्हणजे आतल्या फाइली बाहेर काढण्यापूर्वी, हे करावे. नंतर केल्यास विंडोजने काढलेल्या प्रत्येक फाइलवर तोच शिक्का उतरलेला असतो आणि मग एकेक फाइल घेऊन बसावे लागते.

प्रोग्राम चालवताना "विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी" अशी निळी पाटी येते. तिच्यावर फक्त "डोन्ट रन" हेच बटण दिसते, परंतु मोअर इन्फोवर क्लिक केल्यास बनवणाऱ्याचे नाव आणि "रन एनीवे" दिसतात. बनवणाऱ्याच्या जागी "अननोन पब्लिशर" असेल आणि फाइल मोठ्या कंपनीची म्हणून घेतलेली असेल, तर ती त्या कंपनीची नाही असे समजावे.

वर्ड आणि एक्सेलमध्ये पिवळी पट्टी येते तेव्हा फाइल वाचता येते. भरण्यासाठी "एनेबल एडिटिंग" दाबावे लागते. लाल पट्टी वेगळी. ती आतल्या मॅक्रोंबद्दल, म्हणजे फाइलच्या आत घातलेल्या छोट्या प्रोग्रामांबद्दल, असते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून रोखले आहेत. साधा अर्ज भरण्यासाठी मॅक्रोची गरज नसते, म्हणून लाल पट्टी तशीच राहू द्यावी.

ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज अपडेटपासून एक्सप्लोररच्या उजव्या बाजूला दिसणारी फाइलची झलक, उतरवलेल्या फाइलींसाठी दिसेनाशी झाली असून तिच्या जागी धोक्याची सूचना येते. फाइल बिघडलेली नसते. दोनदा क्लिक केल्यास ती नेहमीप्रमाणे उघडते.

ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. तो मोबाइलवर आलेला ओटीपी नव्हे, हे सांगून मी थकलो आहे. नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि लगेच पुढे जन्मवर्ष, मध्ये जागा न सोडता, असा तो आठ अक्षरांचा असतो. सुरेखा नावाच्या बाईंचा जन्म १९७० चा असेल तर एस, यू, आर, ई आणि १९७०. पीडीएफमधील सहीवर प्रश्नचिन्ह दिसणे हाही अडथळा नाही. सही अजून तपासली गेलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

"फाइल डॅमेज्ड" असे येत असेल तर आकार पाहावा. शून्य केबी असेल तर डाउनलोड झालेलेच नाही. दोन पानांचा दाखला पाच-सहा केबीचा दिसत असेल तर त्याऐवजी लॉगिनचे किंवा चुकीचे पान पीडीएफच्या नावाने साठवले गेले असावे; नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्यास सुरुवातीलाच एचटीएमएल हा शब्द दिसतो. दुसऱ्या पायरीप्रमाणे पुन्हा लॉगिन करून फाइल नव्याने घ्यावी.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एवढेच: अनोळखी प्रोग्राम अडवला गेल्यास तो एकदा उघडण्याचा प्रयत्न करून मग सिस्टिम सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या पानावर तळाशी "ओपन एनीवे" शोधावे. तिसरी पायरी त्यांनाही लागू आहे.

८. बदल परत फिरवणे

फाइल उघडली की लोक उठून जातात. आता तयारीतला कागद घ्यावा आणि खालून वर, म्हणजे शेवटचा बदल आधी, या क्रमाने प्रत्येक गोष्ट पूर्ववत करावी. विंडोजचे रिअल-टाइम प्रोटेक्शन कोणी बंद केले असेल तर ते काही वेळाने आपोआप चालू होते. बाहेरून घेतलेल्या अँटिव्हायरसचे तसे असेलच असे नाही, म्हणून तो उघडून डोळ्यांनी पाहावा. सेफ ब्राउझिंग चालू आहे, पॉप-अपची परवानगी एकाच संकेतस्थळाला आहे, मुभा दिलेल्या फाइलींच्या यादीत अनोळखी नाव नाही, हे तपासावे. पूर्वी कोणा व्हिडिओच्या सांगण्यावरून अख्खा डाउनलोड्स फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला असेल तर एक्स्क्लूजन्सच्या यादीतून तो काढून टाकावा. शेवटी एखादी लहान पीडीएफ डाउनलोड करून पाहावी. सर्व संरक्षणे चालू असताना ती उतरली की काम झाले, आणि त्या अकरा उताऱ्यांपैकी दहा पुसून टाकायला हरकत नाही.